तमालपत्राचा चोर

“पाहुणे यायच्या आधी एकदा खरं सांगून टाक. पानं तूच खुडतेस ना?” दौलतराव गॅलरीच्या दारातून म्हणाले.

पोह्यांवर खोबरं भुरभुरणारा कांताचा हात थांबला. पोटच्या पोरीला बघायला माणसं येणार, आणि या माणसाच्या डोक्यात झाडच. परदेशी तमालपत्राचं ते रोप त्यांनी वर्षानुवर्षं छाटून, फांद्यांना तारा गुंडाळून, वीतभर कुंडीत बोन्साय करून ठेवलं होतं. ठाण्याची दमट हवा त्याला सोसत नाही म्हणून त्याच्यापुढे टेबलफॅन. देव्हाऱ्यात बसवायचं तेवढं राहिलं होतं. गेले काही महिने त्याची पानं नाहीशी होत होती. घरात स्वयंपाक कोण करतं? कांता. मग चोर कोण? कांता. खरं तर ती त्या झाडाच्या वाऱ्यालाही उभी राहत नव्हती. घरात झाड असून भातात वाण्याकडची वाळकी पानं टाकत होती. शपथा घेऊन घेऊन तिचा जीव मेटाकुटीला आला होता.

घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पाहुणे उशिरानेच शहाडहून आले. केतन आणि त्याची आई दिपिकाताई. स्थळ ओळखीतून आलेलं. ऐश्वर्या पोहे देऊन खाली मान घालून बसली. प्रेमबीम असले प्रकार आमच्याकडे नाहीत, मुलगी परक्या मुलाशी कधी दोन शब्द बोललेली नाही, असं दौलतरावांनी पहिल्याच घासाला जाहीर केलं. दिपिकाताई खूश झाल्या. आमचा केतन दर रविवारी स्वतः पुलाव करतो, हल्ली तर असा वास सुटतो की शेजारी चौकशी करतात, असं त्यांनी कौतुकानं सांगितलं. स्थळ हातचं जाऊ नये, एवढंच कांता मनात घोकत होती.

पण पुलाव म्हटल्यावर दौलतरावांना झाड आठवलं. हातात बशा घेऊन सगळ्यांना गॅलरीत जावं लागलं. त्यांनी उघड्या पडलेल्या फांद्या दाखवल्या आणि चोर घरातलाच आहे, तोही स्वयंपाकघरातला, इथपर्यंत मजल मारली. नव्या माणसांसमोर कांताला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अहो, किती वेळा सांगू, कीड असेल.”

“कीड?” दौलतराव म्हणाले. “मंगळवारी मी सगळ्या पानांवर जालीम औषध फवारलंय. तरी बुधवारी पानं गेलीच. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.”

ऐश्वर्यानं बशी कठड्यावर ठेवली. इतका वेळ खाली घातलेली मान तिनं एकदम वर केली.

“केतन, बुधवारी दिलेली पानं पुलावात टाकली नाहीस ना रे अजून?”