चाळीसची पाटी

माझा व्यावसायिक बास्केटबॉलचा मोसम धडाक्यात सुरू झाला: तीन सामन्यांत एकतीस, चौतीस, सदतीस गुण. आज अडतीस झाले आणि शेवटच्या सेकंदाला दोन फ्री थ्रो मिळाले. क्लबात प्रत्येक खेळाडूचे गुण पप्पा शिडीवर चढून पाटीने दाखवतात. पाट्या एकोणचाळीसपर्यंतच आहेत. एकोणचाळीस हा पप्पांचाच, या क्लबकडून खेळताना केलेला आणि बावीस वर्षं टिकलेला विक्रम. तो मोडला तर त्यांना झोंबेल का, हीच धाकधूक होती. "पप्पा, चाळीसची पाटी काढा!" मी ओरडले. "आधी टाक तर, शहाणे!" पहिला आत पडला, एकोणचाळीस. प्रेक्षक उभे राहिले. दुसरा सोडला आणि मी बॉलऐवजी शिडीकडेच बघितलं. पप्पांनी जाकिटातून नवी पाटी काढली. रंग चक्क ओला होता. शर्टावर उलटा चाळीस उमटला होता. त्यांनी पाटी टांगलीसुद्धा. "अहो, बॉल अजून रिंगवरच फिरतोय!" रेफरी खेकसले. "पडेल हो," पप्पा शिडीवरून म्हणाले.