वाटसरूचं पाणी

"मागं बघू नकोस, महेश्वरी. पायडल मार!"

पण महेश्वरीनं बघितलंच. मघाशी कलिंगडाच्या रानातून धावत आलेला माणूस आता मोटारसायकलवर होता. तोंडाला टॉवेल गुंडाळलेला, फक्त डोळे उघडे. एका हातानं हँडल धरून दुसरा हात तो हवेत जोरजोरानं हलवत होता आणि त्या हातात विळा होता.

तिनं पायडलवर जोर दिला. सकाळी हॉटेलातल्या इरम्मानं बजावलेलं खरं ठरत होतं.

"माळावर कुनी थांब म्हनलं तरी थांबू नका बरं," चहाचे कप ठेवता ठेवता इरम्मा म्हणाली होती. "परवा एका मास्तरला लुटलं. पानी मागायला आला आन् गळ्यावर इळा ठिवला. तुमच्या सायकली तर लई भारी दिसत्यात."

तिचा नवरा श्रीशैल तेव्हा हसला होता. तो मूळचा लोहाऱ्याचा. सहा वर्षांचा असताना पुण्याला गेला, तरी इथल्या बारीकसारीक गोष्टी आपल्याला ठाऊक आहेत असं त्याला मनापासून वाटायचं. लग्नानंतरची ही पहिली सुट्टी. गाडीच्या टपावर सायकली बांधून दोघं आली, गाडी पाहुण्यांच्या दारात लावली आणि माळावर निघाली. फाल्गुनातला माळ म्हणजे नुसती खडी, वाळलेलं कुसळ आणि मधेच एखादा पेटल्यासारखा पळस. श्रीशैल दर दहा मिनिटांनी थांबून बायकोला काहीतरी समजावून सांगत होता. तीही कौतुकानं ऐकत होती. नवलाईचे दिवस होते.

दुपारी तिची बाटली संपली. तेवढ्यात वाटेवरच कलिंगडाचं रान लागलं. बांधावर निळं पिंप, काठोकाठ भरलेलं, पिंपाच्या कडीला एक जुनी चप्पल लटकवलेली.

"कुणाला तरी विचारू या ना," ती म्हणाली.

"आमच्याकडं वाटसरूनं पाणी विचारायचं नसतं. आजोबांच्या शेतावर असाच रांजण असायचा, वर लिंबाचा डहाळा. डहाळा दिसला की खुशाल प्यायचं."

"इथं कुठंय डहाळा?"

"वाऱ्यानं उडाला असेल."

"आणि चप्पल?"

"दृष्ट लागू नये म्हणून. ट्रकला नाही का बांधत?"

त्यानं तिची बाटली बुडवून भरली, तिला आवडते म्हणून संत्र्याची पावडर त्यात टाकली. दोघं सायकलवर बसतात न बसतात तोच बांधाच्या पार दुसऱ्या टोकाकडून तो माणूस ओरडत सुटला होता.

"पाणी घेतलं म्हणून चिडला असेल," धापा टाकत महेश्वरी म्हणाली. "थांबून माफी मागू या."

"पाण्यासाठी इथं कुणी चिडत नसतं. आणि पाण्यासाठी कुणी असं विळा घेऊन मागं लागतं का?"

मागं मोटारसायकल क्षणभर थांबली, एक दगड सणसणत आला आणि तिच्या पुढच्या चाकाजवळ आपटला. महेश्वरी किंचाळली. हँडल गरकन वळलं, तिनं ते कसंबसं सरळ केलं.

"डावीकडं! ओढ्यात!"

बैलगाडीही जाणार नाही अशी ती उतरण होती. एरवी तिनं दहा वेळा विचार केला असता. आता तिनं सायकल सोडून दिली आणि दात घट्ट आवळले. धोंड्यांवरून आदळत, घसरत दोघं तळाशी पोचली आणि करंजाच्या दाट झाडीत सायकलींसकट शिरली.

वर मोटारसायकल थांबली. माणूस काठावर येऊन ओरडू लागला. वारा उलटा होता, शब्द काही कळत नव्हते. आवाजातला जोर तेवढा कळत होता. महेश्वरीनं श्रीशैलचा दंड धरला आणि डोळे मिटून घेतले. तिला आई आठवली. आता हा खाली उतरणार, असं तिला चारदा वाटलं.

तो उतरला नाही. गाडी सुरू झाली, आवाज ओढ्याच्या कडेकडेनं लांब गेला. बऱ्याच वेळानं पुढं कुठंतरी ती थांबल्यासारखी वाटली, मग परत फिरून गेली.

अर्धा तास दोघं हलली नाहीत. फोनला रेंज नव्हती. महेश्वरीच्या घशाला कोरड पडली होती. श्रीशैलच्या बाटलीत सकाळचं घोटभर पाणी उरलं होतं, ते त्यानं घेतलं. भरलेली बाटली तिच्या हातात दिली.

"तू?"

"मला पुरे. सगळं संपव. तुझा चेहरा बघ कसा झालाय."

ती घटाघटा प्यायली. "कडसर लागतंय रे."

"पावडर जास्त पडली."

तिनं बाटली उपडी करून दाखवली आणि मग दोघंही हसली, सुटल्याच्या आनंदानं, उगाचच, बराच वेळ. श्रीशैलनं तिच्या कपाळावरची माती पुसली.

ओढा पुढं डांबरी रस्त्याला मिळत होता. श्रीशैल सायकल ढकलत आधी वर चढला. महेश्वरी मागून येत होती, मधे मधे थांबत होती.

"मळमळतंय मला," ती म्हणाली.

"भीतीनं होतं तसं. हळू ये."

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. वाट जिथं वर येत होती, तिथंच ओल्या पोत्यात गुंडाळलेला पाण्याचा कॅन ठेवलेला होता. त्याच्या तोंडात लिंबाचा ताजा डहाळा खोवलेला होता. श्रीशैलला बरं वाटलं. मागं वळून तो काही सांगणार, एवढ्यात त्याची नजर कॅनपुढच्या डांबरावर गेली. चुनखडीच्या खड्यानं घाईघाईत, मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं:

"पिंपातलं पिऊ नका. फवारनीचं औशद हाय त्यात. हे प्या."