वाळू उचलेल इतकं पाणी

फिल्टरवाल्याने फिल्टरच्या टाकीचं झाकण घट्ट केलं, कॉक फिरवला आणि भिंतीतून बाहेर काढलेल्या नळीखाली बादली धरली. पाणी आलं ते विटकरी रंगाचं, गाळाने दाट. तात्यांना त्या घाणीचा भलताच आनंद झाला.

मनगटावरच्या घड्याळात बघत फिल्टरवाल्याने बादली भरू दिली. "धार बरोबर बसली. एवढ्या जोरात उलटं पाणी आलं तरच आतली वाळू उचलली जाते आणि गाळ सुटतो. दहा मिनिटं चालू द्यायचं, रोज एकदा."

"देऊ की," तात्या म्हणाले. "न द्यायला काय झालं?"

आतल्या खोलीत त्यांची बायको उशीला टेकून बसली होती. तिची मूत्रपिंडं कामातून गेली होती. रक्त धुण्याचं मशीन घरी बसवून द्यायला दवाखाना तयार होता, पण घरात स्वच्छ पाणी भरपूर असेल तरच. तोवर तिचा मुक्काम शहरात मुलीकडे, बाहेरच्या खोलीतल्या खाटेवर. त्या घरात तात्यांसाठी दुसरी खाट मावत नव्हती. हे कोणी बोलून दाखवलं नव्हतं आणि तात्यांनीही कधी विषय काढला नव्हता. मुलगी आईला दोन दिवसांसाठी घेऊन आली होती, आता जेवणं झाली की दोघी निघणार होत्या. पाण्याचं जमलं तर महिन्याभरात आई कायमची घरी, नाही जमलं तर कायमची माझ्याकडे, असं तिने काल स्वच्छ सांगितलं होतं. त्यात तिची काही चूक नव्हती.

नळीतलं विटकरी पाणी चहाच्या रंगाचं झालं, मग तो रंगही फिका पडत चालला. तात्या जीव मुठीत धरून बघत होते. एवढ्यात विहिरीकडून येणारा पंपाचा आवाज बदलला. नळी खोकली, दोनदा नुसती हवा सुटली आणि धार तुटली. फिल्टरवाल्याने धावत जाऊन पंप बंद केला.

"विहीर आटली," तो परत येऊन म्हणाला. "निम्मी वाळूसुद्धा धुऊन झाली नाही."

"भरेल हो. मी आठवडाभर अंघोळ केलेली नाही. कपडे शेजारी धुऊन आणतो. सगळं पाणी तुमच्या या टाकीसाठी राखून ठेवलं होतं."

मुलगी दारात येऊन उभी होती. तुमच्या अंगाला वास येतोय तात्या, असं तिने सकाळीच सुनावलं होतं, आणि म्हातारपणाचा वास असतो तो, असं म्हणून तात्यांनी हसण्यावारी नेलं होतं. तिने तोंड फिरवलं.

"मोठी टाकी बांधून साठवलं तर?" तात्यांनी विचारलं.

"साठवायला आधी यायला हवं ना? विहीर दिवसभरात जेवढं देते, त्याहून जास्त हा फिल्टर एका वेळेला पितो. मग मशीनला कुठून देणार?"

"आणखी खोल खणली तर?"

"मागच्या वर्षी खणलीत ना? खाली नुसता कातळ लागला, तुम्हीच सांगितलंत."

ते खरंच होतं. तात्या बादलीकडे बघत राहिले. बायकोला डॉक्टरांनी दिवसाला चार पेले पाणी मोजून दिलं होतं आणि हे यंत्र सगळी विहीर पिऊन बसलं होतं. त्यांना रडू फुटायला आलं, पण परक्या माणसापुढे कसं रडणार?

फिल्टरवाला अवजारं आवरू लागला. त्याच्या पिशवीत भोकं पाडलेल्या रबरी चकत्यांची डबी होती. टाकीच्या तोंडाशी जी चकती बसवायची, तिच्या भोकावर धारेचा जोर ठरे. सकाळी त्याने निवडताना तात्यांनी ते पाहिलं होतं.

"यातली बारीक भोकाची बसवा."

"बसवली तर पाणी कमी लागेल हे खरं. पण वाळू जागची हलायची नाही. घाण आतल्या आत राहील, उपयोग शून्य."

"पण धार चालू राहील? पंप बंद पडणार नाही?"

"थोडा वेळ थांबून लावला तर तासभर राहील. पण कशाला?"

"ती निघेपर्यंत चालू राहू दे," तात्या हळू आवाजात म्हणाले. "आत तिला ऐकू जातं."

फिल्टरवाल्याने मुलीकडे पाहिलं. मग तो खाली बसला आणि त्याने चकती बदलली.

जेवणं उरकल्यावर पंप सुरू झाला. नळीतून करंगळीएवढी धार लागली आणि बादलीत वाजू लागली.

"अहो, चाललं वाटतं?" आतून हाक आली.

"चाललं," तात्या म्हणाले. आवाज इतका स्वच्छ निघाला की त्यांचे तेच चपापले. "मी म्हटलं नव्हतं?"

"मग आता एकदाची अंघोळ करून घ्या." ती हसली असावी. मग मुलीला म्हणाली, "बॅग उघड गं जरा. स्वेटर, शाल, ते जाड पांघरूण, सगळं काढून ठेव इथेच. महिन्याभरात यायचंच आहे, उगीच ओझं कशाला वाहायचं?"

मुलीने बापाकडे पाहिलं. तात्यांनी बादलीवरची नजर काढली नाही. ती आत गेली आणि एकेक कपडा काढून कपाटात लावू लागली.

"वरच्या कप्प्यात नको," तिची आई म्हणाली. "माझा हात पोचायला हवा."