न तुटणारी गिटार

"आणि ही आपटली तर तुटेल का?" बाईंनी विचारलं.

दुकानदारानं भिंतीवरून काढलेली ही तिसरी गिटार. आधीच्या दोन्ही वेळी हाच प्रश्न आला होता. गल्लीत त्याला 'तोफ' म्हणायचे, आणि ते उगीच नव्हे. गिऱ्हाइकानं काही वेडंवाकडं विचारलं की तो धडाडायचा. आत्ताही तो दात आवळून म्हणाला, "ताई, गिटार वाजवायची वस्तू आहे. आपटायची नाही."

"तसं नाही हो. हिची आधीची साधी गिटार होती, ती फुटली."

हिची म्हणजे मुलीची. सतराएक वर्षांची पोर स्टुलावर बसून नखं कुरतडत होती. तिला मेटल, म्हणजे तो कान फाडणारा रॉक, वाजवायचं होतं, आणि ही तिची पहिली इलेक्ट्रिक गिटार असणार होती.

"पडून फुटली?"

"भिंतीवर आपटून." बाईंचा आवाज अगदी मऊ होता. "आमच्या घरात डोकं फार पटकन फिरतं. मार्क कमी पडले, त्यात हिचं सारखं वाजवणं. एकदा राग आला की भान राहत नाही. नंतर वाईट वाटतं. मग नवीन घेऊन द्यायची."

बोलता बोलता त्यांनी काचेबाहेर पाहिलं. तोफेनंही पाहिलं. समोरच्या फुटपाथवर स्कूटरला टेकून पोरीचा बाप उभा होता. आडदांड, हाताची घडी, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं.

"ते आत नाही आले?"

"मीच म्हटलं, बाहेर थांबा. आत आले की वाद."

तोफेच्या डोक्यात तिडीक गेली. त्याची पहिली गिटार त्याच्या बापानं गच्चीवरून खाली फेकली होती. आता त्याची स्वतःची पन्नाशी उलटली होती, बाप जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण तो राग काही जात नव्हता. असला बाप मला लांबूनही ओळखू येतो, असं तो सगळ्यांना छातीठोक सांगायचा.

त्यानं हातातली गिटार परत टांगली. "ही नको. हिची मान चिकटवलेली आहे, एकदा आपटली की मोडलीच." मग त्यानं कोपऱ्यातली एक काळी, जडशीळ गिटार उचलून मुलीच्या मांडीवर ठेवली. "ही बघ. मेटलला अशीच लागते. आवाज पकडणारे पिकअप जाड सुराचे, तारा अडकवायचा ब्रिज पक्का बसवलेला. कितीही जोरात हाण, सूर हलणार नाही. मान स्क्रूंवर आहे, मोडली तर दुसरी बसवून देईन."

"म्हणजे हिला काही होणारच नाही?" बाईंनी विचारलं.

"माणूस हट्टाला पेटला तर काय वाट्टेल ते तोडतो, ताई."

बाई कसनुशा हसल्या.

मुलीनं वायर लावली आणि तळव्यानं तारा दाबून सुरुवात केली. इतका वेळ खाली मान घालून बसलेली पोर एकदम चवताळून वाजवायला लागली. काच थरथरली. फुटलेल्या साध्या गिटारवर शिकलेली पोर एवढं वाजवते, हे बघून तोफ चाट पडला. ही गिटार फुटली तर या पोरीचं काहीतरी कायमचं मोडेल, हे त्याला स्वच्छ दिसलं.

तेवढ्यात बाईंचा फोन आला आणि त्या दाराशी गेल्या. मुलगी झटकन तोफेकडे वाकली.

"काका, ही इथेच ठेवाल का? मी कॉलेज सुटलं की येईन, इथेच वाजवीन. घरी नेली तर राहायची नाही." तिचा आवाज रडवेला नव्हता, संतापलेला होता. "आणि हे आपल्यातच राहू दे."

"निर्धास्त राहा," तोफ म्हणाला. आपल्यातच म्हणजे बापाला सोडून, एवढं कळायला त्याला काही पुस्तक वाचायला नको होतं.

बाई फोन ठेवून परत आल्या. तोफेनं त्यांना सगळं नीट समजावलं. गिटार दुकानाच्या मागच्या खोलीत राहील. बाहेर उभ्या महाशयांना सांगायचं, एकही पसंत पडली नाही. खोलीचं दार बोळात उघडतं, त्याची ही जादा किल्ली. दुकान बंद असलं तरी पोरीला आणता येईल. अशी वस्तू मोठ्या माणसाकडे असलेली बरी.

मुलगी मागून जोरजोरात 'नाही, नाही' अशी मान हलवत होती. घाबरलीय बिचारी बापाला, तोफेला वाटलं.

"हे हिला सुचलं?" बाईंनी विचारलं.

"हो तर. हुशार आहे पोर."

"किती काळजी घेता हो तुम्ही," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी किल्ली मुठीत घेतली.

तोफेला आता राहवेना. मायलेकींना दुकानात ठेवून तो तरातरा रस्ता ओलांडून गेला.

"लाज नाही वाटत?" त्यानं बापाला गाठूनच तोंड सोडलं. "पोरीची गिटार भिंतीवर आपटता? एवढी रग असेल तर जाऊन दगड फोडा. आता कितीही आदळआपट करा, तुमच्या हाताला गिटार लागायची नाही. पोरीनं माझ्या कानात सांगितलंय सगळं, आणि मी तिच्या आईच्या हातात किल्लीसुद्धा दिलीय."

बापानं हाताची घडी सोडली. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तो तोफेच्या खांद्यावरून दुकानाच्या काचेकडे बघत राहिला.

"साहेब," तो म्हणाला, "कानातच सांग, आईला कळू देऊ नकोस, असं तिला मीच बजावलं होतं."