येतो

"अख्खा दिवस भुतांची पुस्तकं. मोठेपणी मांत्रिक व्हायचंय का?" दिगंबरकाकांनी अस्मिताच्या हातातली कादंबरी काढून घेतली. बाबा ऑनसाइट अमेरिकेला गेल्यापासून त्यांचे हे मित्र वरचेवर चौकशीला यायचे. अडीअडचणीला असावी म्हणून घराची एक किल्लीही त्यांच्याकडे दिलेली होती.

"नववीत आलीस, आता जरा चांगलं वाच, हे सांगून मीही दमले," त्यांना चहा देत आई म्हणाली.

"चांगलंच आहे ते," अस्मिता म्हणाली. "लव्हस्टोरी फालतू आहे आणि शेवटही फसलाय. पण यातला व्हॅम्पायर उंबरठ्याबाहेर थांबतो. घरातलं कुणी 'या' म्हणेपर्यंत त्याला आत पाऊल टाकता येत नाही. मला तो नियम आवडतो."

काका हसले. "आणि त्याची भीती नाही वाटत?"

"त्याची नाही वाटत. काल आई ऑफिसात असताना तुम्ही किल्लीने दार उघडून माझ्या खोलीत आलात आणि कडी लावलीत. मी ओरडले म्हणून गेलात. तेव्हा तुम्हाला 'या' कोण म्हणालं होतं?"

काकांनी आईकडे पाहिलं. "अहो वहिनी, पुस्तकं वाचून डोकं फिरलंय हिचं."

आईने त्यांच्या हातातला अर्धा कप काढून घेतला आणि किल्लीसाठी हात पुढे केला.

काकांनी किल्ली दिली, दाराशी जाऊन चपला घातल्या आणि सवयीने म्हणाले, "बरं, येतो."

"येतो नाही," आई म्हणाली. "जातो म्हणा."