शेंड्यावरच्या अळ्या

मक्याच्या शेंड्यांना मेलेल्या अळ्या उलट्या लटकत होत्या. मोनिकाने एकीला चिमट्यात धरलं, तर तिचं पाणीच झालं.

"हा रोग झाला की अळी उंच चढते आणि वरच मरते," ती कडूबाईला म्हणाली. "विषाणूच तिला चढवतो. मग खालच्या पानांवर रोग ठिबकतो."

लष्करी अळीचे पतंग वाऱ्यासोबत कुठून कुठून येतात आणि काय काय घेऊन येतात, देव जाणे. तिसगावात कडूबाईच्या या वावरात मोनिकाला सापडलेला विषाणू कुठल्याच यादीत नव्हता. नगरच्या प्रयोगशाळेत पेढे वाटून झाले होते.

कडूबाईचा नवरा श्रीमंत मात्र शास्त्रज्ञांच्याही दोन पावलं पुढे. उरलेल्याही मराव्यात म्हणून त्याने मेलेल्या अळ्या वाटून, पाण्यात कालवून मक्यावर फवारल्या होत्या. तोंडाला फडकंसुद्धा न बांधता.

"कशात वाटल्या?" मोनिकाने विचारलं.

"मिक्सरात. धुतला की मंग चांगला." कडूबाईने आवाज खाली आणला. "मॅडम, आठ दिस झालं, हे सारखे स्लॅबवर जाऊन बसत्यात. ह्यांना काही हुणार न्हाई ना?"

"किड्यांचे रोग माणसाला होत नाहीत," मोनिका म्हणाली. पण हा रोग नवा होता.

निघताना कडूबाईने नेहमीसारखी ताजी वाटलेली शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "आमाला दोघांनाबी पित्त हुतं. तुमीच न्या."

चार दिवसांनी कडूबाईचा फोन आला, तेव्हा मोनिका प्रयोगशाळेच्या गच्चीवर चटणी-पोळी खात होती. हल्ली खाली तिचा जीव गुदमरायचा.

"मॅडम, हे सकाळपासनं घरात न्हाईत. फोनबी बंद हाय."

मोनिका तासाभरात तिसगावात पोचली. गावात सगळ्यात उंच म्हणजे पाण्याची टाकी. चपला खाली टाकून ती भराभरा चढली. सज्ज्यावर कुणीच नव्हतं. तेवढ्यात मोबाईल वाजला.

"सापडले मॅडम!" कडूबाई रडत हसत होती. "सोनईला भावाकडं गेल्ते. स्लॅबवर बी रेंजसाठी बसत्यात म्हनं, भावाशी बोलायला. आन तुमी कुठं हाय?"

मोनिकाचा जीव भांड्यात पडला. श्रीमंत वाचला होता.

"आलेच खाली," ती म्हणाली आणि टाकीच्या घुमटाकडे जाणाऱ्या शिडीवर तिने पाय ठेवला.