मागून आलेली दाढ

बसा भाऊ, चहा येईस्तोवर एक सांगतो. एवढीशीच आहे गोष्ट, पण घरापर्यंत सोबत येईल तुमच्या.

जयपुरात, आदर्श नगरात, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, मीनाक्षी नावाच्या. माहेर अकोल्याचं, म्हणून रेल्वे कॉलनीतली आपली माणसं तिकडंच जायची. पौषातल्या एका सकाळी त्याच कॉलनीतला जनार्दन तिथं लेकीला घेऊन गेला. ईश्वरी सात वर्षांची, समोरचे दोन दात पडलेले. पोरीचे दात दाखवून आणा, असं शाळेतनं सांगितलं होतं.

बाईंनी तिच्या तोंडात आरसा घातला.

"दाढा बघा जनार्दनभाऊ. घळी केवढ्या खोल! अन्न अडकतं, ब्रश पोचत नाही. लेप भरून बुजवून टाकू. सुई नाही, टोचणं नाही."

"किती?"

"दाढेला अडीचशे. चार दाढा."

"हजार!" जनार्दन हसला. "बाई, दुधाचे दात हे. पडणाऱ्या भिंतीला कुणी गिलावा करतं का?"

"या दुधाच्या नाहीत. सहाव्या वर्षी मागून येतात. जन्मभराच्या."

"मग यांच्या जागच्या पडल्या कधी?"

"पडल्याच नाहीत. मागं जागा मोकळी होती, तिथं आल्या."

हे काही जनार्दनच्या डोक्यात शिरेना. आधी दात पडतो, मग नवा येतो. पडलेला दात शेणाच्या गोळ्यात घालून कौलावर फेकायचा, ही त्यांच्या भुसावळच्या घरची रीत. इथं क्वार्टरला कौलं कुठली? स्लॅबवर फेकायचा. पोरीचे दोन्ही दात त्यानं स्वतःच्या हातानं फेकलेले. दाढ एकही फेकली नव्हती. बाई गिऱ्हाईक गुंडाळतेय, दुसरं काय!

"सगळ्यांना नाही सांगत मी," बाई म्हणाल्या. "ज्याच्या घळी उथळ, त्याचे पैसे पाण्यात. हिचे वसूल होतील. एक दाढ किडली की नस काढा, टोपी घाला. या चारींना लागतात त्याच्या तिप्पट, एकट्या तिलाच." बोलता बोलता त्यांनी परत आरसा घातला, आणि थांबल्या. "तीन चांगल्या आहेत. ही खालची उजवी मात्र..."

"पडू द्या की. नवी येईल." जनार्दननं पोरीला खुर्चीतनं उचललं. बाई आरसा हातात धरून तशाच उभ्या.

बाहेर हातगाडीवर गजक होती, तीळगुळाची कडक वडी. पोर हिरमुसलेली, म्हणून त्यानं पुडी घेतली. पोरीनं तुकडा मोडला, डाव्या गालात ठेवला. दुसरा मोडला. तोही डाव्याच.

"उजवीकडनं खा की गं, उंदरे."

"उधर नको."

"का?"

"मतलब... तिकडनं मी खातच नाही, बाबा."

"कधीपासनं?"

पोरीनं खांदे उडवले आणि तिसरा तुकडा मोडला.

आता जनार्दनचं काम काय, तर गाडी फलाटाला लागली की डब्याडब्याखाली वाकायचं आणि चाकाच्या एक्सल बॉक्सला हाताची पाठ लावून बघायची. गरम लागला की डबा कापायचा, म्हणजे गाडीतनं सोडवून बाजूला काढायचा. साहेब बोंबलला तरी कापायचा. धूर दिसल्यावर आंधळ्यालाही कळतं रे, असं तो नव्या फिटरांना सुनवायचा.

तीच हाताची पाठ त्यानं पोरीच्या उजव्या गालाला लावली.

थंडी मरणाची. गाल गरम आहे की आपला हात गार, कळेना. त्यानं हात पँटीवर चोळला, परत लावला. एक्सलला कधी दोनदा लावला नव्हता.

"बाबा, ही दाढ पडली ना, की छतपर मी फेकणार," ईश्वरी म्हणाली. "तुम्ही नाही हां."

जनार्दनचा हात गालावर होता तिथंच राहिला.

घ्या, चहा आला. माझं एवढं ऐका भाऊ. आज जेवताना तुमचं पोर किती खातं ते बघू नका. कुठल्या बाजूनं चावतं, तेवढं बघा.